आयुधपूजेनंतरचा पेपर

परीक्षा घ्यायची कल्पना कात्यायिनीचीच होती. पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला तिला दुसरं डोकं सापडलं नाही, ते म्हणूनच.

आदल्या संध्याकाळी आयुधपूजा आटोपली होती. षडक्षरीच्या गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडून झाली, फाटकासमोर कोहळा फोडून झाला, विळी, शिलाई मशीन, चन्नाचा लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू लागलं. अप्पाजींनी नेहमीप्रमाणे आपलं शाईचं पेन पाटावर ठेवलं होतं. तीस-पस्तीस वर्षं म्हैसूरच्या कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाचं आयुध ते हेच. त्या पेनाने ते रोज सकाळी ओट्यावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत, पेन्सिलीला हात न लावता. पेन्सिल म्हणजे भित्र्यांचं काम, असं त्यांचं ठाम मत होतं. कोडं झालं की पेपरातल्या सुभाषिताची पाळी. ते तोंडपाठ करायचं आणि हासनला मुलीला, कात्यायिनीला, फोन लावायचा. "कातू, ऐक आजचं." लग्न होऊन ती हासनला गेली, शाळेत शिकवायला लागली, तिचे केस पिकायला आले, तरी हा फोन चुकला नव्हता.

पुरणाचे ओब्बट्टू खाऊन सगळे पेंगुळले असताना षडक्षरीने विषय काढला. थोरला मुलगा, स्थापत्य अभियंता. बोलताना समोर नकाशा पसरल्यासारखा बोलतो.

"हे बघा, मागच्या महिन्यात अप्पाजी देवराज मार्केटला गेले आणि परत येताना वाट चुकले. फुलवाल्याने घरी आणून सोडलं. मी ठरवलंय. अप्पाजींना मी बेंगळुरूला नेतो. डॉक्टर जवळ आहेत. अम्मा शिवमोग्ग्याला जाईल, चन्नाकडे. त्याचं बाळ लहान आहे, तिचीही मदत होईल. घराला कुलूप लावू."

"दोघांना दोन गावांना?" कात्यायिनी उठूनच बसली.

"माझ्या फ्लॅटमध्ये एकच जादा खोली आहे, कातू."

"एका खोलीत दोन माणसं मावत नाहीत होय? आपण या घरात पाचजण एका खोलीत झोपत होतो!"

"अप्पाजी रात्री उठून फिरतात म्हणे," सुकन्या अत्तिगे, षडक्षरीची बायको, म्हणाली. "त्यांच्यापाशी रात्रीची बाई ठेवावी लागेल. ती झोपणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

"मग राहू दे ना त्यांना इथेच! एकदा वाट चुकले म्हणून काय डोकं गेलं? अरे, रोज कोडं सोडवतात ते, शाईने! तुला जमेल? मला रोज सुभाषित सांगतात, कुणाचं आहे ते नावासकट. तुझ्यापेक्षा त्यांचंच डोकं ताळ्यावर आहे."

चन्ना हसला. धाकटा चन्ना वारा येईल तिकडे पाठ फिरवणारा. त्या वेळी वारा बहिणीचा होता. "अक्काचं बरोबर आहे, अण्णा. कोडं सोडवणाऱ्या माणसाला तू वेडा कसा म्हणणार?"

"वेडा कोण म्हणतंय?" षडक्षरी चिडला. "ठीक आहे. उद्या माझ्यासमोर सोडवू देत."

"सोडवतील! एकटे सोडवतील. कुणी मध्ये पडायचं नाही, अम्माने कॉफीसुद्धा मध्ये आणायची नाही. सोडवलं तर दोघंही इथेच राहणार. कबूल?"

"आणि नाही सोडवलं तर मी म्हणतो तसं. कबूल?"

"कबूल," कात्यायिनी म्हणाली.

आत मोरीपाशी अम्माच्या हातून पितळी गंज खाली पडला आणि बराच वेळ घरंगळत राहिला. कात्यायिनीला वाटलं, अम्माला अण्णाचा राग आलाय. तिला बरंच वाटलं.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा अप्पाजी वेताच्या खुर्चीत बसले होते. कपाळावर ताजं भस्म, अंगात धुतलेला सदरा, मांडीवर पेपर. कोड्याचाच चौकोन वर येईल अशी त्याची घडी. ती घडी अम्मा घालून ठेवायची, हेही वर्षानुवर्षांचं. पेनाच्या टोपणावर कालचं कुंकू तसंच होतं. समोरच्या बाकावर षडक्षरी येऊन बसला होता. त्याने चन्नाला चौकात पिटाळलं होतं. आणखी एक प्रत आण, मीही शेजारी बसून सोडवतो, बघू कोण आधी संपवतं ते.

पायऱ्यांपाशी अम्मा रांगोळीचा डबा घेऊन वाकली होती.

"अम्मा, आज तुला सुट्टी," कात्यायिनीने तिच्या हातून डबा काढून घेतला. "तू आत जा. मी काढते."

"राहू दे ग. तुला ठिपके जमत नाहीत."

"जमतात. जा बघू. नाहीतर अण्णा म्हणेल, अम्माने मदत केली."

अम्मा उभी राहिली. सर्वमंगळा नावाची ही बाई आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोललेली नव्हती, आणि आताही बोलली नाही. फक्त एकदा तिने अप्पाजींकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे, आणि उंबऱ्याच्या आत जाऊन दाराला धरून थांबली.

कात्यायिनीने चिमूट सोडली. कालच्या रांगोळीच्या पुसट रेघा जमिनीवर होत्या. केवढी मोठी रांगोळी! पूर्वी अम्मा चार रेघांत उरकायची, घाईचं काम. गेल्या दीड वर्षात मात्र ती पार फाटकापर्यंत पोचली होती. गल्लीतल्या बायका येता-जाता थांबून बघत. दिवाळीला कात्यायिनीने थट्टाही केली होती, काय अम्मा, पुढच्या दसऱ्याच्या स्पर्धेत उतरणार की काय?

अप्पाजींनी टोपण काढलं. पेन कागदाजवळ नेलं आणि तसंच धरलं. मग खुर्चीत पुढे झुकून त्यांनी उजवा कान पायऱ्यांच्या दिशेने केला.

"हं?" ते म्हणाले.

"काही नाही अप्पाजी. तुमचं चालू द्या."

त्यांनी मान हलवली. थोडं थांबले. परत झुकले.

"हं?"

कात्यायिनीला हसू आलं. म्हातारा अण्णाला खिजवतोय, असं तिला वाटलं. अप्पाजी कोर्टात वकिलांना असंच लटकत ठेवायचे म्हणे. ती वाट पाहत राहिली की आता पेन धावेल. पेन धावलं नाही. शाईचा एक थेंब टोकाशी जमला, कागदावर पडला आणि पसरला. बाकावरचा षडक्षरी मोबाइल बघत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. चन्ना रिकाम्या हातांनी आत आला.

"काय रे अण्णा, सकाळी सकाळी पळवलंस! चौकात पेपरवाल्याचं खोकं बंद. पलीकडच्या हॉटेलात विचारलं तर सगळे मलाच हसले. आज कुठला आलाय पेपर? काल आयुधपूजा नव्हती का? छापखान्यांना सुट्टी. आज कुठलाच पेपर निघत नाही. आपण लहानपणापासून हे—"

बोलता बोलता त्याची नजर अप्पाजींच्या मांडीवर गेली आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

कात्यायिनीच्या मुठीतली रांगोळी एकाच जागी भसकन सांडली. पेपर नाही. आज म्हैसुरात कुणाच्याच घरी पेपर नाही. हे तिलाही ठाऊक होतं, अण्णालाही, घरातल्या शेंबड्या पोरालाही. आठवलं मात्र कुणालाच नव्हतं. मग अप्पाजींच्या हातात काय आहे?

षडक्षरी उठला. त्याने हळूच, अगदी हळूच पेपर काढून घेतला आणि घडी उलगडली. मागच्या पानभर गौरी हब्बाच्या साड्यांची जाहिरात होती. गौरी-गणपती होऊन महिना उलटला होता.

"पेपर दे रे माझा," अप्पाजी म्हणाले. "झालेला नाही अजून."

षडक्षरीने पेपर परत दिला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. तो दाराकडे वळला आणि कात्यायिनीही वळली. अम्मा दारात नव्हती.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. सुकन्या अत्तिगे तिच्यापुढे पाण्याचा पेला धरून उभी होती. अम्माने तो घेतला नव्हता.

"किती दिवस चाललंय हे?" षडक्षरीने विचारलं.

"मागच्या वर्षीच्या उगादीपासून," अम्मा म्हणाली. "त्यांना अक्षरं दिसतात. लिहिताही येतं. पण वाचलेलं डोक्यात थांबत नाही. एक दिवस पेपर हातात घेऊन रडायला लागले. एवढा मोठा माणूस! मला बघवेना. मग मीच सांगायला लागले."

"काय सांगायला?"

"उत्तरं. आजच्या कोड्याची उत्तरं उद्याच्या पेपरात येतात की नाही? म्हणून मी आजचा लपवते आणि त्यांना कालचा देते. उत्तरं बघून घेते, रांगोळी काढता काढता हळू हळू सांगते. ते लिहितात. आमच्या घरात दिवस एक दिवस उशिरा उगवतो, एवढंच. कुणाचं काय बिघडलं त्यात?"

 कात्यायिनीने ओट्याची कड धरली. रांगोळी! एवढी रांगोळी तेवढ्यासाठी! आणि तो डबा आज आपण आपल्या हाताने तिच्या हातून काढून घेतला.

"आणि सुट्टीच्या दिवशी?" चन्नाने विचारलं.

"जास्तीच्या प्रती आणून ठेवते. कोऱ्या. त्यांच्या हातात सकाळी पेपर नसला की ते घरभर शोधत फिरतात. सुट्टीच्या दिवशी जुना देते." अम्माने डोळ्यांना पदर लावला. "दोघंच असतो तेव्हा कळायला कोण आहे? आज घर भरलंय, कुणालातरी ठाऊक असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रात्रभर एकच चिंता, मी जवळ नसले तर ते कसे लिहितील. सवयीने जुना काढून दिला, आज पेपर निघत नाही हे तुम्हाला आठवेल असं सुचलंच नाही बघ मला."

"थांब," कात्यायिनी म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मग सुभाषितं? मला फोनवर रोज सांगतात ती?"

अम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"अम्मा!"

"पेपरातलं लांबलचक असतं ग. त्यांच्या तोंडात राहत नाही. मी लहानसं काहीतरी सांगते. तेवढं म्हणतात ते."

"लहानसं म्हणजे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? अक्की रोट्टी थापताना जे सुचेल ते."

कात्यायिनी तोंड उघडं टाकून बघत राहिली. 'ज्याला घाई आहे त्याने रात्रीच चप्पल शोधून ठेवावी.' हे वाक्य तिने शाळेच्या व्हरांड्यात रंगवून घेतलं होतं. मोठ्या निळ्या अक्षरांत, खाली 'एक प्राचीन चिनी तत्त्ववेत्ता' असं लिहून. शिक्षणाधिकारी आले तेव्हा त्यांनी वाचून मान डोलावली होती.

"तो चिनी?" तिने विचारलं.

"तू नाव विचारतेस ना नेहमी. मग ते माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, चिनी सांगा. परदेशातला असला की कुणी चौकशीला जात नाही."

सुकन्या अत्तिगेला हसू फुटलं आणि त्याच क्षणी तिचे डोळे भरले. तिने पेला खाली ठेवला. कात्यायिनीला हसताही येईना, रडताही येईना. दीड वर्ष ती रोज सकाळी आईशी बोलत होती आणि तिला पत्ता नव्हता. अम्मा कशी आहे, असं तिने फोनवर रोज विचारलं होतं, ठेवता ठेवता, एका श्वासात. उत्तराला थांबली मात्र नव्हती.

"झालं तर मग," चन्ना म्हणाला. त्याचा वारा फिरला होता. "अण्णाचंच बरोबर होतं. हे असं किती दिवस चालणार? अम्मा, तूच आजारी पडशील. अक्का, तू कबूल केलं होतंस."

"हो, केलं होतं," कात्यायिनी म्हणाली. "मला हे ठाऊक होतं का पण?"

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस? हासनला नेलं असतंस?"

 मुलीच्या घरी राहायचं नाही हा अप्पाजींचाच नियम, आणि तो चन्नाला बरोबर वेळी आठवला होता. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

षडक्षरी खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मी गाडी काढतो संध्याकाळी," तो म्हणाला. "दसऱ्याच्या मिरवणुकीची गर्दी ओसरली की निघू. अम्मा, त्यांचे कपडे भर. तुझेही भर. चन्ना तुला रेल्वेने नेईल."

अम्मा उठली.  फळीवरची एक पितळी पेटी खाली घेतली आणि त्यात अप्पाजींची भस्माची गोळी, लिंगपूजेचं वस्त्र असं एकेक ठेवू लागली. मग थोरल्याकडे न बघता म्हणाली, "पहाटे उठावं लागेल तुला. ते उठायच्या आत पेपर लपवावा लागतो. आणि मोठ्याने सांगायचं नाही. मोठ्याने सांगितलं की त्यांना लाज वाटते."

षडक्षरीने खिशातून गाडीची किल्ली काढली.

बाहेरून हाक आली. "मंगळा!"

अम्माचे हात पेटीत थांबले. तिने जायला पाऊल उचललं आणि थोरल्याकडे पाहून परत मागे घेतलं. आपल्याच घरात, नवऱ्याने हाक मारली असताना, मुलाची परवानगी हवी असल्यासारखी ती उभी राहिली. कात्यायिनीला हे सहन होईना. ती तरातरा बाहेर गेली.

अप्पाजी तसेच बसले होते, पेन हातात, कोडं कोरं, मध्ये शाईचा डाग. आता लहान मुलासारखे ते चुळबुळत होते. तिने काही विचार केला नाही. रांगोळीचा डबा घेतला, पायरीपाशी बसली आणि डोकं खाली घालून ठिपके द्यायला लागली. मान किंचित वर केली की खुर्चीतल्या पेपरावरचं कोडं दिसत होतं. पहिलंच सोपं होतं. त्यांनीच तिला लहानपणी शिकवलेलं, असंच कोडं, हाच ओटा.

"आडवा एक," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मृगजळ."

पेन चाललं. सुरेख, कोर्टाच्या कागदांवरचं वळणदार अक्षर. चार घरं भरली. अप्पाजींच्या खांद्यांतला ताण उतरलेला तिला स्पष्ट दिसला.

"उभा दोन. कावेरी."

तीही भरली. मग अप्पाजी पुढे झुकले, तिच्या कानाशी आले. त्यांच्या अंगाला भस्माचा आणि कापराचा वास होता. तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे, वाकलेल्या पाठीकडे बघत ते कुजबुजले.

"हळू, मंगळा. मुलं घरात आहेत. षडक्षरीला कळलं तर तो मला एकीकडे नेईल आणि तुला दुसरीकडे. मग मी काय करू?"

कात्यायिनीच्या हातातली चिमूट हवेतच राहिली. त्यांना ठाऊक होतं. कोडं सुटत नाही, दिवस उशिराचा आहे, सुभाषितं कुठून येतात, सगळं ठाऊक होतं. समोर कोण बसलंय एवढंच ठाऊक नव्हतं. तिला मान वर करायचा धीर झाला नाही. वर केली असती तर त्यांना मंगळा दिसली नसती.

दारात पावलं वाजली होती. कधी वाजली, तिला कळलं नाही. षडक्षरी उंबऱ्यात उभा होता, हातात गाडीची किल्ली. त्याने ऐकलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो तिच्याकडे नाही, बापाच्या पाठीकडे बघत होता.

"पुढचा?" अप्पाजींनी विचारलं. "आडवा सात. भिंतीतली जाळीची खिडकी, तीन अक्षरं. हं?"

कात्यायिनीला उत्तर येत होतं. पण डोकं खालीच ठेवून ती एकाच ठिपक्यावर ठिपका देत राहिली. अप्पाजी कान पुढे करून थांबले. थेंब परत पेनाच्या टोकाशी जमायला लागला.

"गवाक्ष," उंबऱ्यातून कुणीतरी म्हणालं. इतकं हळू, की अण्णाचा आवाज असाही असतो हे तिला पहिल्यांदा कळलं.

अप्पाजींनी वळून पाहिलं नाही. तीन घरं भरली आणि समाधानाने मान हलवली.

"हां. असंच हळू सांगत जा."